तबल्याचा बोल पडद्यावर उमटवताना

तबल्यासमोर माइक ठेवून संगणकाच्या पडद्यावर काहीतरी हलतं ठेवणं आज अजिबात अवघड राहिलेलं नाही. विनॅम्प वापरलेल्या पिढीने मिल्कड्रॉपचे रंगीत भोवरे वर्षानुवर्षं पाहिले आहेत. गाणं कुठलंही लावा, भोवरे साधारण तेच. अवघड आहे ते, पडद्यावरचं चित्र याच वाद्याचं वाटणं. ‘ना’ आणि ‘तूं’ वेगळे दिसायला हवेत, डग्ग्याचा घुमारा वळताना डोळ्यांना कळायला हवा, ‘तिरकिट’चे चार बोल एकाच डागात बुडून जाता कामा नयेत. खालची कृती तेवढ्यासाठी आहे. घरची बैठक असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो की दीडदोनशे खुर्च्यांचं सभागृह, एकल तबलावादनाला प्रोजेक्टरची जोड द्यायला ती पुरेल. कोड लिहावा लागत नाही. वाजवणारा माणूस मात्र आधीच्या काही संध्याकाळी मोकळा मिळायला हवा, कारण रेकॉर्डिंगवर बेतलेलं चित्र प्रत्यक्ष हातापुढे बहुतेक वेळा फसतं.

काय दाखवायचं ते आधी ठरवा

हे काम संगणक उघडण्याच्या आधीचं आहे आणि नेमकं तेच लोक टाळतात. वादकाला समोर बसवा, एकेक बोल सुटा वाजवायला सांगा आणि नुसतं ऐका. प्रत्येक बोलात तीन गोष्टी सापडतात: तो किती जोरात पडला, त्याची आस किती वेळ टिकली आणि नाद किती उजळ होता. डग्ग्यात चौथी गोष्ट येते, ती म्हणजे मनगटाच्या दाबाने स्वर किती वर सरकला. या चारही गोष्टी संगणकाला मोजता येतात. मी त्यांची वाटणी अशी करतो: जोर म्हणजे आकार, आस म्हणजे चित्राचं रेंगाळणं, उजळपणा म्हणजे रंग आणि डग्ग्याची मींड म्हणजे आकाराचं वर उचललं जाणं. पाचवी गोष्ट जोडण्याचा मोह होतो. जोडू नका. चौघांवर नजर ठेवतानाच प्रेक्षकाची दमछाक होते.

तबल्याला चित्रात स्वतःची ओळख कुठून मिळते, हे समजून घेतलं तर पुढचे निर्णय सोपे जातात. साध्या ताणलेल्या गोल कातड्याचे वरचे नाद मूळ नादाच्या १.५९, २.१४, २.३०, २.६५ पट अशा आडमुठ्या प्रमाणात असतात. म्हणून बहुतेक ढोल-नगाऱ्यांतून ठळक स्वर ऐकू येत नाही. तबल्याच्या पुडीवर थरांवर थर देऊन घोटलेली शाई हे प्रमाण बदलते आणि वरचे नाद जवळजवळ २, ३, ४, ५ पट येऊन बसतात. सी. व्ही. रामन यांनी एस. कुमार यांच्यासोबत १९२० साली ‘नेचर’मध्ये हे मांडलं आणि १९३४ साली त्यावर सविस्तर निबंध लिहिला. पुडीवर बारीक रेती पसरून तिच्या कंपनांच्या आकृत्याही त्यांनी टिपल्या होत्या. म्हणजे तबल्याच्या आवाजाचं दृश्य करण्याचं काम आपल्याकडे फार आधीच झालेलं आहे. आपल्या कामापुरता अर्थ एवढाच, की तबल्याच्या चित्रात समान अंतरावरची वर्तुळं शोभतात आणि वेड्यावाकड्या ठिणग्या शोभत नाहीत.

सामान

वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप, दोन माइक लागतील असा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, दोन डायनॅमिक माइक, बुटके स्टँड, केबली, प्रोजेक्टर आणि सभागृहाच्या मापाची लांब एचडीएमआय वायर. सॉफ्टवेअर दोन: आवाज तपासायला ‘फ्रिचर’ आणि चित्र बांधायला ‘टचडिझायनर’. फ्रिचर मोफत आणि मुक्तस्रोत आहे. टचडिझायनरची अव्यावसायिक आवृत्ती मोफत मिळते, पण तिच्यात चित्र १२८० बाय १२८० पिक्सेलांपलीकडे जात नाही. १२८० बाय ७२० ठेवा. प्रोजेक्टरवर काही बिघडत नाही. तिकीट लावून कार्यक्रम असेल तर पैसे भरून परवाना घ्यावा लागेल.

लॅपटॉप अगदीच जुना असेल तर ‘प्रोसेसिंग’ हा हलका पर्याय आहे. केसी रीस आणि बेन फ्राय यांनी तो एमआयटीत २००१ साली सुरू केला. त्यात मात्र कोड लिहावाच लागतो, म्हणून इथे त्यात शिरत नाही.

लॅपटॉपचा स्वतःचा माइक घरी चाचणी घेण्यापुरता चालेल, पण एक गोष्ट आधी बंद करा. विंडोजमध्ये साउंड सेटिंग्जमध्ये माइक निवडला की ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ नावाचं खातं दिसतं; ते ‘ऑफ’ करा. ही सोय बोलण्यासाठी केलेली असते. सतत चालणारा आवाज म्हणजे पंखा किंवा एसी, असं ती धरून चालते आणि तो पुसून टाकते. तानपुरा सतत वाजतो, म्हणून तोही पुसला जातो; तबल्याची आस मधूनच कापली जाते. न्यू जर्सीत बसून पुण्याच्या गुरूंकडे झूमवर गाणं शिकणाऱ्या घरांना हा अनुभव आहे. तिथे ‘ओरिजिनल साउंड’ सुरू केल्याशिवाय तानपुरा पलीकडे पोचत नाही. ब्लूटूथ माइक किंवा हेडफोन तर या कामात आणूच नका. त्यांचा उशीर शंभर-दोनशे मिलिसेकंदांच्या घरात असतो.

माइक कसे लावायचे

तबल्याला एक, डग्ग्याला एक. दोन्ही एकाच माइकवर घेतले तर पुढे कितीही डोकं लढवलं तरी चित्राला उजवा-डावा हात कळणार नाही. माइक पुडीपासून वीतभर वर, थोडा तिरपा, वादकाच्या हाताच्या वाटेबाहेर ठेवा. दोन्ही माइकांची तोंडं एकमेकांपासून फिरवलेली असू द्या. दुसऱ्याचा आवाज थोडा गळतोच, त्याची काळजी पुढे घेऊ.

सभागृहात ध्वनिव्यवस्था आधीच असेल तर साउंडवाल्याला गाठून त्याच्या मिक्सरवरून तबला आणि डग्गा दोन वेगवेगळ्या ‘ऑक्स’वर मागून घ्या. ‘मेन आउट’ घेऊ नका. त्यात रिव्हर्ब मिसळलेला असतो आणि निवेदकाच्या बोलण्यावरही वर्तुळं उठू लागतात. लॅपटॉपचा चार्जर आणि मिक्सर वेगवेगळ्या प्लगांवर असतील तर गुणगुण येण्याची शक्यता मोठी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ती गुणगुण ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर दिसते, म्हणजे नेमकी डग्ग्याच्या अंगणात. मग डग्गा गप्प असतानाही चित्र थरथरत राहतं. दोन्ही उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. तेवढ्याने गेली नाही तर साउंडवाल्याकडून डीआय बॉक्स मागा, त्याच्याकडे असतो.

इंटरफेसवरचा गेन लावताना वादकाला ठेका वाजवायला सांगू नका. त्याच्या हाताने जितका जोरात ‘धा’ पडू शकतो तितका पाडायला सांगा आणि तो उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील असा गेन ठेवा. तिहाईच्या शेवटी हात चढतो, त्यासाठी ही जागा मोकळी हवी. आवाज शून्यावर आदळून फाटला की त्यात मुळात नसलेले उपस्वर तयार होतात आणि चित्र ते इमानेइतबारे दाखवतं.

आधी नुसतं बघा

फ्रिचर उघडा, माइक निवडा आणि स्पेक्ट्रोग्राम लावा. त्यात आडवा अक्ष काळाचा, उभा अक्ष स्वराच्या उंचीचा आणि रंग जोराचा. उभा अक्ष ‘लॉग’ प्रकारचा निवडा. सप्तक म्हणजे कंपनांची दुप्पट. साध्या अक्षावर मंद्र सप्तक तळाशी चेंगरतं आणि तार सप्तक अर्धा पडदा खातं.

आता वादकाला ‘तूं’ वाजवायला सांगा. तळाची पट्टी जाड आणि लांब दिसेल. मग ‘ना’. यात अनामिका पुडीवर टेकलेली असते, त्यामुळे तळाची पट्टी दबते आणि तिच्या वरच्या पट्ट्या उठून येतात. समान अंतरावरच्या या पट्ट्या म्हणजे शाईची करामत. ‘ते’ किंवा ‘ट’सारखा बंद बोल वाजला की पट्टी दिसतच नाही, नुसता उभा ओरखडा उठतो. शेवटी डग्ग्यावर मनगट दाबत ‘गे’ घ्यायला सांगा. खालची रेघ वर वळताना दिसते. वादकालाही हे बघायला बोलवा. आपलं बोट पुडीवर किती टेकतं याचा पुरावा समोर दिसला की बहुतेक जण त्यात रमतात आणि पुढच्या चाचण्यांना आपणहून येतात.

इथेच एक आकडा निवडावा लागतो आणि सगळ्या कृतीत तो सर्वांत महत्त्वाचा. संगणक आवाजाचा एक तुकडा घेऊन त्यातले स्वर वेगळे करतो. या हिशेबाला एफएफटी म्हणतात आणि तुकड्याची लांबी आपण ठरवतो. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर १०२४ नमुन्यांचा तुकडा साधारण २३ मिलिसेकंदांचा असतो. त्यात चपळाई आहे, पण ४३ हर्ट्झपेक्षा जवळचे दोन स्वर तो वेगळे सांगू शकत नाही. ८१९२ नमुन्यांचा तुकडा सुमारे ५ हर्ट्झचा फरक ओळखतो, पण तो १८६ मिलिसेकंद लांब आहे. पेटीवरच्या पांढरी एक आणि काळी एक या पट्ट्यांत मध्य सप्तकात अंतर जेमतेम १५-१६ हर्ट्झ. म्हणजे छोट्या तुकड्याला ही पट्टी की ती, हे कळणारच नाही. आणि मोठ्या तुकड्यात द्रुत लयीतले दोन-तीन बोल एकत्र शिजून निघतील. दोन्ही एकदम मिळत नाही. हे गणिताचं बंधन आहे, महागडं यंत्र आणून सुटत नाही. तबल्याला चपळाई हवी, म्हणून १०२४ किंवा फार तर २०४८. तानपुऱ्याला ८१९२ बिनधास्त द्या, त्याला कसली घाई नाही.

चित्राची बांधणी

टचडिझायनर उघडल्यावर समोर असलेलं नमुन्याचं जाळं निवडून पुसून टाका. टॅब दाबला की ठोकळ्यांची यादी उघडते. ठोकळे जातीजातींचे असतात. आपल्याला मुख्यतः दोन लागतील. आकडे आणि आवाज वाहून नेणारे हिरवे ‘चॉप’ आणि चित्र वाहून नेणारे जांभळे ‘टॉप’. एकाच्या उजव्या टोकातून तार ओढून दुसऱ्याच्या डाव्या टोकाला लावायची.

पहिला ठोकळा ‘ऑडिओ डिव्हाइस इन’. त्यात इंटरफेस निवडा. विंडोजवर शक्य असेल तर ड्रायव्हर ‘एएसआयओ’ ठेवा. दोन चॅनल दिसतील. ‘सिलेक्ट’ चॉप दोनदा घेऊन तबला आणि डग्गा वेगळे काढा. दोघांनाही ‘ऑडिओ फिल्टर’ लावा: डग्ग्याला २०० हर्ट्झच्या खालचंच जाऊ देणारा, तबल्याला १२० हर्ट्झच्या वरचंच जाऊ देणारा. माइकांची गळती यातच बरीचशी आटोक्यात येते.

आता जोर मोजायचा. फिल्टरनंतर ‘अॅनलाइझ’ चॉप लावून त्यात ‘आरएमएस पॉवर’ निवडा. आवाजाची अख्खी लहर आता एका आकड्यावर आली. हा आकडा तसाच वापरलात तर चित्र झटके खातं आणि त्यामागे साधं कारण आहे. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमच्या वाट्याला ७३५ नमुने, सुमारे १७ मिलिसेकंद. डग्ग्याचं ८० हर्ट्झचं एक आंदोलन साडेबारा मिलिसेकंदांचं. प्रत्येक फ्रेममध्ये सव्वापेक्षा थोडं जास्त आंदोलन सापडतं, कधी चढाचा भाग जास्त, कधी उताराचा. म्हणून पुढे ‘लॅग’ चॉप हवाच. त्यात दोन आकडे असतात, चढताना किती रेंगाळायचं आणि उतरताना किती. चढता शून्य ठेवा, उतरता पाव सेकंद. बोल पडताक्षणी चित्र उठेल आणि सावकाश बसेल. चढत्या आकड्याला हात लावायचा नाही. तिथे दिलेला प्रत्येक मिलिसेकंद थेट उशिरात जमा होतो. त्यानंतर ‘मॅथ’ चॉप. त्यात ‘रेंज’ या पानावर ० ते ०.३ हे ०.०५ ते ०.४ असं बदलून घ्या. हे आकडे माझे. तुमच्या माइकावर ते वेगळे निघतील.

चित्रासाठी ‘सर्कल’ टॉप घ्या, आतला रंग पारदर्शक करा, नुसती कड ठेवा. मॅथ चॉपच्या कोपऱ्यातलं अधिकचं चिन्ह दाबा, चॅनल ओढून वर्तुळाच्या त्रिज्येवर टाका आणि ‘चॉप रेफरन्स’ निवडा. तबला वाजवला की वर्तुळ श्वास घेऊ लागतं. इथे पहिल्यांदा सगळे खूश होतात आणि बरेच जण इथेच थांबतात. अजून आस दिसलेली नाही.

आस दाखवायला मागचं चित्र पुढच्यात मिसळत ठेवावं लागतं. वर्तुळ ‘कॉम्पोझिट’ टॉपला जोडा. एक ‘फीडबॅक’ टॉप घ्या, त्याच्या तोंडालाही तेच वर्तुळ जोडा आणि त्याचं लक्ष्य म्हणून तोच कॉम्पोझिट द्या. फीडबॅकमधून ‘ट्रान्सफॉर्म’ काढून मोजमाप १.०१ करा, पुढे ‘लेव्हल’ लावून अपारदर्शकता ०.९५ करा आणि ते कॉम्पोझिटच्या दुसऱ्या तोंडाला लावा; मिसळण्याची पद्धत ‘ओव्हर’. आता प्रत्येक बोलातून कडी सुटून बाहेर पसरू लागतात. ०.९५ हा आकडा दर फ्रेमला गुणला जातो, म्हणून अर्ध्या सेकंदात चित्र एक पंचमांश उरतं, एका सेकंदात जवळपास संपतं. मध्यलयीत हे छान दिसतं. मात्रेला चार बोल आणि मिनिटाला २४० मात्रा अशा द्रुत लयीत मात्र दोन बोलांत ६२ मिलिसेकंदच असतात, तेवढ्यात कडी फिकट व्हायला सवड मिळत नाही आणि पडदा चुन्यासारखा पांढरा होतो. तिथे हाच आकडा ०.८५पर्यंत खाली आणायला लागतो. यासाठी एक ‘स्लायडर’ जोडून ठेवा आणि कार्यक्रमात लय चढली की बोटाने सरकवा. हे काम आपोआप होईल अशी व्यवस्था करता येते, पण हाताने केलेलं जास्त चांगलं दिसतं.

एक अडचण हमखास येते. ट्रान्सफॉर्म पडद्याच्या मध्यापासून मोठं करतो. वर्तुळ आधीच डावीकडे सरकवलेलं असेल तर त्याच्या कडी सरळ पसरण्याऐवजी कडेला वाहून जातात. म्हणून तबला आणि डग्गा दोघांची फीडबॅकची वेटोळी वेगवेगळी बांधा, दोन्ही मध्यावरच, आणि अगदी शेवटी नवा ट्रान्सफॉर्म लावून ती आपापल्या जागी न्या. जागा कुठली? उजव्या हाताने तबला वाजवणारा वादक समोर बसला की त्याचा तबला प्रेक्षकांच्या डाव्या बाजूला येतो. चित्रातही तबला डावीकडे ठेवा. हे उलटं झालं तर प्रेक्षकाला नेमकं काय खुपतंय ते सांगता येत नाही, पण खुपतं.

रंगासाठी ‘पॅलेट’मधला ‘ऑडिओअॅनालिसिस’ नावाचा तयार ठोकळा घ्या. त्यात किक आणि स्नेअर ओळखण्याची सोय असते. ती पाश्चात्त्य ड्रमसेटसाठी आहे, तबल्यावर ती भलतंच काही ओळखते, म्हणून बंद करा. आपल्याला त्यातला ‘स्पेक्ट्रल सेन्ट्रॉइड’ हवा. आवाजाचा तोल खालच्या स्वरांकडे आहे की वरच्या, हे तो सांगतो. चाटेवरचा ‘ना’ वर जातो, शाईवरचा ‘तूं’ खाली. हा आकडा ‘एचएसव्ही अॅडजस्ट’ टॉपच्या रंगछटेला जोडा आणि कक्षा मुद्दाम लहान ठेवा, केशरीपासून पिवळ्यापर्यंत पुरे. इंद्रधनुष्य उघडलं की सगळं लग्नाच्या रोषणाईसारखं दिसू लागतं.

डग्ग्याची मींड पकडणं हे सर्वांत नाजूक काम. फिल्टर केलेला डग्गा ‘पिच’ चॉपला द्या. तो स्वराची उंची सांगतो, पण डग्गा गप्प असताना वाट्टेल ते सांगत सुटतो. म्हणून त्याचा आकडा आणि डग्ग्याचा जोर ‘मॅथ’मध्ये गुणून घ्या. जोर शून्य, तर परिणाम शून्य. हा गुणाकार डग्ग्याच्या वर्तुळाच्या उभ्या जागेला जोडला की घुमारा वळताना कडी वर झेपावतात. इथे उतरत्या लॅगचं प्रमाण थोडं वाढवलं तरी चालतं, मींड मुळातच सावकाश असते.

उशीर मोजा

आवाज आणि चित्र यांत फरक पडतो तो तुकड्यातुकड्याने. इंटरफेसचा बफर २५६ नमुन्यांचा असेल तर सुमारे ६ मिलिसेकंद, सॉफ्टवेअरच्या एक-दोन फ्रेम, आणि सर्वांत मोठा वाटा प्रोजेक्टरचा. प्रोजेक्टरमध्ये ‘गेम मोड’ असेल तर तो लावा. चित्र सुधारण्याच्या सगळ्या सोयी बंद होतात आणि उशीर झपाट्याने उतरतो.

टीव्ही प्रसारणासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने दिलेले आकडे इथे उपयोगी पडतात. आवाज चित्राच्या १२५ मिलिसेकंद मागे पडला तर कुठे माणसाला जाणवू लागतं, पण तो चित्राच्या आधी आला तर ४५ मिलिसेकंदांतच जाणवतं. विजेनंतर गडगडाट ऐकायची आपल्याला सवय आहे, उलट क्रमाची नाही. आपल्याकडे चित्र मागे राहतं, म्हणजे आपण कायम वाईट बाजूला. थोडी सवलत सभागृह देतं: आवाजाला मीटरमागे सुमारे ३ मिलिसेकंद लागतात, म्हणून दहाव्या मीटरवर बसलेल्याला तबलाच २९ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. पहिल्या रांगेला ही सवलत नाही आणि जाणकार तिथेच बसतात.

मोजायला फोन पुरतो. स्लो मोशन २४० फ्रेमवर ठेवा, वादकाचा हात आणि पडदा एकाच चौकटीत घ्या, सुटे बोल टिपा. बोट पुडीला लागल्यापासून वर्तुळ हलेपर्यंत किती फ्रेम गेल्या ते मोजा. प्रत्येक फ्रेम सव्वाचार मिलिसेकंदांची. पंधरा फ्रेमच्या आत बसलं तर काम झालं. वीसच्या वर गेलं तर बफर आणि प्रोजेक्टर पुन्हा तपासा. त्यानेही जमेना, तर तुटक बोलांचं चित्र सोडून द्या आणि आस व मींड एवढंच दाखवा. त्या दोन्ही उशीर पचवतात.

सम कोण दाखवणार

संगणकाला आवाज कळतो, ताल कळत नाही. तीनतालाच्या साध्या ठेक्यातच सहा वेळा ‘धा’ येतो. त्यातला समेचा कुठला, हे आवाजावरून सांगता येत नाही, कारण फरक आवाजात नसतोच. कायदा, रेला, गत सुरू झाल्यावर तर ठेकाही उरत नाही. आपोआप सम ओळखायचे प्रयोग घरी खुशाल करा, कार्यक्रमात मात्र त्यांच्यावर भिस्त ठेवू नका.

त्यापेक्षा ताल धरता येणारा माणूस लॅपटॉपशी बसवा आणि त्याला एक कळ द्या. ‘कीबोर्ड इन’ चॉप, त्याला ‘ट्रिगर’, सोडण्याचा काळ दोन सेकंद; आणि त्यावर पार्श्वभूमीचा रंग किंचित उजळू द्या. दर आवर्तनाला दाबायची गरज नाही. तिहाई किंवा चक्रदार येऊन सम पडेल तेव्हाच दाबायची, कारण सभागृह श्वास रोखून त्याचीच वाट बघत असतं. उशिरा दाबण्यापेक्षा न दाबणं चांगलं. लेहऱ्याची हार्मोनियम त्या माणसाच्या कानाशी यायला हवी, म्हणून त्याला साउंडवाल्याकडून हेडफोनवर लेहरा द्या. लेहऱ्याची पेटी तबल्याच्या माइकपासून लांब बसवा, नाहीतर तिचा लांबलेला स्वर तबल्याच्या वर्तुळाला खाली बसूच देत नाही.

पार्श्वभूमी ‘किंचित’ उजळायची, हे मुद्दाम लिहिलं. अख्खा पडदा सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखला तर अपस्माराचा त्रास असलेल्यांना झटका येऊ शकतो. तिरकिटवर पांढरा पडदा चमकवणं म्हणजे तेच करणं. दिसायलाही ते वाईट दिसतं.

तबल्याऐवजी दुसरं काही असेल तर

तानपुऱ्याला वर्तुळं नकोत. त्याची गंमत जवारीमुळे फुलणाऱ्या उपस्वरांत आहे. ‘ऑडिओ स्पेक्ट्रम’ चॉप मोठ्या तुकड्यावर ठेवा, ‘चॉप टू’ टॉपने त्याचं चित्र करा आणि त्याच फीडबॅकने सावकाश वर सरकवत न्या. तार छेडली की उपस्वर खालून वर कसे उजळत जातात ते दिसतं.

बासरी, सारंगी, गळा यांना स्वराची रेघ हवी. मुंबईच्या एनसीपीएमध्ये सुवर्णलता राव आणि विम व्हॅन डर मीर यांनी ‘म्युझिक इन मोशन’ या उपक्रमात रागसंगीताची अशी आलेखनं केली आहेत. ती रेकॉर्डिंगवरून केलेली, पण त्यांतली एक गोष्ट थेट उचलण्यासारखी आहे: मागे आडव्या रेघा आहेत त्या हर्ट्झच्या नाहीत, कलाकाराच्या षड्जापासून मोजलेल्या सरगमच्या आहेत. षड्ज एकदा हाताने भरायचा आणि बाकीच्या रेघा त्यावरून काढायच्या. त्याशिवाय मींड कुठून कुठे गेली हे पडद्यावर वाचताच येत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी

पडदा वादकाच्या पाठीमागे नको. प्रेक्षक हाताकडे बघायचे सोडून वर बघत राहतात. बाजूला, थोडा मागे, वादकाला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसेल न दिसेल असा ठेवा आणि तो त्याला चालतो का ते आधी विचारा. काही वादकांना स्वतःचं चित्र दिसलं की हात बिचकतो. ‘नको’ म्हणाला तर नको.

लॅपटॉपची झोपेची सेटिंग, सूचना, अपडेट बंद करा, चार्जर लावलेलाच असू द्या. एफ-वन दाबून परफॉर्म मोडमध्ये जा. सगळ्यात शेवटच्या टॉपवर एक ‘लेव्हल’ ठेवून त्याची उजळता शून्य करणारी कळ बांधा. बिघाड झाला, निवेदक बोलायला उठला, वादक हातोडी घेऊन गठ्ठे ठोकायला लागला, की ती दाबायची.

माइकचे दोन्ही चॅनल अख्ख्या कार्यक्रमभर ‘ऑडिओ फाइल आउट’ने लॅपटॉपवर रेकॉर्ड करून ठेवा. पुढच्या वेळी पहिल्या ठोकळ्याच्या जागी ‘ऑडिओ फाइल इन’ लावून हीच फाइल चालवली, की वादकाला न बोलावताही लॅग, कक्षा, रंग हे सगळे आकडे घरी बसून जवळपास जागेवर आणता येतात. शेवटची चाचणी तेवढी त्याच्या हातावर घ्या.